उजवीकडचा आवाज

प्रिय रत्ना,

खुशाली विचारण्यात वेळ घालवत नाही. तुझी खुशाली तुझी लेक चंद्री सांगतेच, आमच्याच घरी राहून शिकते ना. माझी तिनं तुला सांगितलेली नाही, कारण मीच तिला गप्प बस म्हटलं. मागच्या आठवड्यात तू टेंभुर्णीहून फोन केलास ते आठव. लेक बारावी झाली, धारवाडला गाणं शिकायला जाते म्हणते, फॉर्म आणून ठेवलाय, सोमवारी शेवटची तारीख, आणि त्यावर आईची सही लागते. तू म्हणालीस, "अण्णा, तूच सांग तिला न्हाय म्हणून. तुझं ऐकंल ती. आपल्या घरात गळा न्हाय, हे तुझ्याइतकं कुणाला ठावं हाय?" मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. आता त्याचं उत्तर देतोय. पण त्याआधी रविवारी रुद्रप्पाच्या घरी काय झालं ते सांगितल्याशिवाय काही कळायचं नाही. सांगताना माझी चिडचिड होईल, ती सोसून घे. चार दिवस तोंडाला चव नाही, जे बघतो त्याची शिसारी येते. सकाळी दाढी करताना आरशातसुद्धा नीट बघवत नाही, गालावर दोन ठिकाणी कापलंय.

रुद्रप्पा तुला आठवत असेल. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याच्या वडिलांचं चादरी-टॉवेलचं युनिट होतं, ते आता तो बघतो. त्यानं बंगल्यावर एक खोली चढवली आहे, फक्त गाणी ऐकायला. तिथं दोन स्पीकर, एकेक आपल्या फ्रिजएवढा. नवी पेठेतलं माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली, तरी सोलापुरात कुणी नवी सिस्टिम घेतली की मला बोलावणं येतं. "राजूभाऊ, जरा ऐकून सांगा की, माल खरा हाय का." मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू. पिशवीत चार-पाच सीडी आणि एक पेन ड्राइव्ह टाकायचा, खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे, सगळ्यांनी माझ्या तोंडाकडं बघत बसायचं. चंद्रीलाही ती सिस्टिम ऐकायची होती म्हणून ती बरोबर आली.

खोलीत पाय ठेवला तोच परत फिरावंसं वाटलं. जांभळे दिवे. भिंतींना फोमचे चौकोन चिकटवलेले, त्याचा रबरी वास, त्यावर मोगऱ्याचा फवारा मारलेला, आणि त्याच्या खालून मघाशी खाल्लेल्या कांदाभज्यांचं तेल. एसी इतका गार की माझ्या बरगड्या आखडल्या. सात-आठ पाहुणे सोफ्यात रुतून बसलेले, प्रत्येकाच्या मांडीवर फोन. आणि मधे उभा प्रभुलिंग, ज्यानं ही सिस्टिम बसवली तो. त्यानं आपला पेन ड्राइव्ह लावला. काय वाजवावं या माणसानं? काच फुटल्याचा आवाज. डावीकडे एक काच फुटली, मग उजवीकडे एक फुटली, मग सगळीकडेच फुटल्या. मग हेलिकॉप्टर. मग कुठल्यातरी परदेशी ढोलाचा असा धडाका की माझ्या कवळीतला दात हलला. आणि लोक टाळ्या वाजवतायत! काचेला! मग एकानं फोनवर आलेलं गाणं लावलं, दहा जणांनी दहा जणांना पाठवून चोथा झालेलं. त्यात ना वर काही उरलंय ना खाली, सगळं एकाच उंचीवर ठेचून भरलेलं. रुद्रप्पा खूश. "लई दणका हाय की!" म्हणत माझ्या पाठीत थाप मारली. मला वाटलं, या माणसांच्या कानात बोळे कोंबावेत आणि घरी जावं.

तू शाळा सुटल्यावर दुकानात येऊन बसायचीस, तुला तरी हे सांगायची गरज नाही. सिस्टिम तपासायला काय लावायचं, हे मी तुझ्यासमोरच गिऱ्हाइकांना सांगायचो. आवडतं गाणं आणू नका. आवडत्या गाण्यात कान झोपतो आणि मन ऐकतं. भंगार स्पीकरवरही ते गोडच लागतं. चांगलं भरलेलं आणा, मग ते गाणं तुम्हाला आवडो न आवडो. गाणाऱ्यानं ओळीआधी श्वास घेतला तर तो ऐकू आला पाहिजे. डग्ग्याचा घुमारा हवा, नुसता ठोका नको. हळू असेल ते खरंच हळू असावं, म्हणजे मोठं झालं की अंगावर येतं. डोळे मिटल्यावर कोण कुठं बसलंय ते बोटानं दाखवता आलं पाहिजे, पेटी डावीकडे, तबला उजवीकडे, तंबोरा मागं. आणि सगळ्यात शेवटी मी सांगायचो ते माझं स्वतःचं. एक तरी रेकॉर्डिंग असं ठेवा, ज्यातलं माणूस तुम्ही समोर बसून ऐकलंय आणि ते जिथं भरलं ती जागा तुमच्या पायाखालची आहे. बाकी सगळ्यात यंत्र तुम्हाला गंडवू शकतं, त्यात नाही गंडवू शकत. काय रुबाबात सांगायचो मी हे! आता आठवलं तरी स्वतःच्या जिभेचा तिटकारा येतो.

तर मी माझ्या सीडी लावल्या. एक बासरी, एक सरोद, एक नुसता मृदंग. निवडून निवडून जमवलेल्या, प्रत्येकीत भरणाऱ्याची मेहनत दिसते अशा. स्पीकर खरंच चांगले होते, हे कबूल करतो. बासरीवाल्याचं ओठ ओलं करणंसुद्धा ऐकू आलं. पण ऐकायला होतं कोण? एक जण शेंगाचटणी कुणाकडची चांगली यावर बोलत होता. दुसरा जांभया देत होता. प्रभुलिंग रुद्रप्पाच्या कानाशी लागून म्हणाला, "जुन्या माणसांचं असंच बारीक बारीक असतंय." मी ते ऐकलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं थांब, तुला दाखवतो जुना माणूस काय असतो ते. पिशवीत पेन ड्राइव्ह होता, त्यावर आपल्या त्या कॅसेटचं मूळ रीळ होतं. रिळाला बुरशी लागायला लागली म्हणून गेल्या वर्षी पुण्यात एकाकडून ते कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं. मी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणालो, "रुद्रप्पा, आता जे लावतोय ते तुझ्या वडिलांच्या गोदामात भरलंय, मी भरलंय, आणि गातीय माझी बायको." सगळे एकदम सरसावून बसले. त्यांच्या डोळ्यांत स्वतःला मोठा झालेला बघून मला काय गोड वाटलं होतं! त्या क्षणाचीच जास्त लाज वाटते.

ते गोदाम तुला माझ्याइतकंच आठवत असेल. शहाण्णव साल, मार्चचा रविवार, सगळे माग बंद. एरवी त्या भागात खटाखट खटाखट, माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. त्या दिवशी चिमणी पंख झटकायची तर तिचाही आवाज यायचा. दानेश्वरीच्या आवाजात मठातल्या कानडी वचनांची कॅसेट काढायची होती. स्टुडिओ कुठला आपल्याला? पण मला कळलं होतं की चादरींच्या गाठोड्यांनी भरलेल्या गोदामात आवाज घुमत नाही, कापूस सगळा पडसाद पिऊन टाकतो. रुद्रप्पानं वडिलांना न सांगता किल्ली आणून दिली. दोन माईक, उसना आणलेला रिळाचा टेपरेकॉर्डर, पेटी आणि तबला वाजवायला माझे दोन मित्र. तू एकोणीस वर्षांची, तंबोऱ्यावर. कडक भाकरीचा डबा तूच आणला होतास. नाकात कापसाचे तंतू जाऊन सगळे शिंकत होतो आणि प्रत्येक शिंकेला रीळ मागं घ्यावं लागत होतं.

दानेश्वरीचा खालचा आवाज काय होता, जाड आणि ऊबदार. तीन वचनं झटक्यात झाली. चौथ्याला सूर वर गेला आणि तिचा गळा फाटला. पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. आठ वेळा. ती रडकुंडीला आली. तिच्या वडिलांनी तर कॅसेटच्या वेष्टनावर लेकीचा फोटो आधीच छापून ठेवला होता. तेव्हा मागं बसून तू ती ओळ सहज म्हटलीस, तिला दाखवायला की अगं वहिनी, अशी अशी. मी कानावरचा हेडफोन काढला. मला आठवतंय, तबलेवाल्यानं हात थांबवला होता. मी तुला उजवीकडे, गाठोड्यांना पाठ लावून, चार हात मागं बसवलं आणि म्हणालो, "वरच्या ओळी आल्या की तू उचल. नुसतं बघू या." दानेश्वरी खालचं म्हणायची, थांबायची, तू वर जायचीस, परत ती खाली घ्यायची. संध्याकाळपर्यंत पाच वचनं तशी झाली. घरी येताना तू लूनावर माझ्या मागं बसून सगळा रस्ता गात होतीस.

दोन महिन्यांनी कॅसेटा छापून आल्या. दानेश्वरी माहेरी गेली होती. जेवायला बाकी सगळे बसलो होतो, आई-बाबा, तू वाढत होतीस. तू विचारलंस, "अण्णा, माझं कसं आलंय?" मी काय बोललो ते मी विसरलो नाही, तूही विसरली नसशील. म्हणालो, "तुझा आवाज माईकला मानवला नाही गं. पत्र्यासारखा वाजतो. काढून टाकला सगळा. पुढच्या रविवारी दानेश्वरीकडूनच त्या ओळी परत म्हणवून घेतल्या." तू हसलीस. "आसू दे की," म्हणालीस आणि मला वरण वाढलंस. त्यानंतर तू गायली नाहीस. मी लक्ष ठेवून होतो, म्हणून मला माहीत आहे. स्वतःच्या लेकीच्या बारशाला बायका पाळणा म्हणत होत्या आणि तू नुसत्या टाळ्या वाजवत होतीस.

आता रविवारचं ऐक. मी मुद्दाम तिसरं वचन लावलं होतं, खालच्या सुरातलं, ज्यात तू नाहीस. सहा मिनिटांचं. ते संपलं की बंद करायचं असं मनात धरून बसलो होतो. वाजायला लागलं आणि ती भज्यांच्या वासाची घाणेरडी खोली पार नाहीशी झाली. समोर गोदाम. दानेश्वरी मधोमध, पेटीवाल्याची अंगठी पेटीला लागली तो टक्कन आवाजसुद्धा. चटणीवाला गप्प झाला. रुद्रप्पाचे वडील जाऊन बारा वर्षं झाली; तो डोळे पुसत म्हणाला, "बापूंच्या चादरीचा वास आला बघा." प्रभुलिंगचं तोंड उघडं. मी जिंकलो होतो, रत्ना. वचन संपलं. मी रिमोटसाठी हात पुढं केला. रुद्रप्पानं रिमोट छातीशी धरला. "ऱ्हाऊ द्या की राजूभाऊ, आत्ता तर लागलंय." मला ओरडून बंद कर म्हणता आलं असतं. पण कारण काय सांगायचं? मी मांडीवर हात ठेवून बसलो आणि चौथं सुरू झालं.

दानेश्वरीनं खालची ओळ म्हटली. मधोमध. ती थांबली. आणि वरची ओळ उजवीकडून आली. चार हात मागून, एसीच्या खालून, जिथं नुसती भिंत होती तिथून. इतकी स्पष्ट की तीन जणांनी माना वळवून भिंतीकडं पाहिलं. पत्रा कुठला! माझ्याकडं चांगल्या रेकॉर्डिंगची आख्खी पेटी आहे, त्यात असा वरचा षड्ज नाही. रुद्रप्पा म्हणाला, "ही दुसरी कोण म्हणायची?" चंद्री खाली जाजमावर बसली होती. ती उठली, उजव्या स्पीकरपाशी गेली, त्या मोकळ्या भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. ओळ संपेपर्यंत उभी होती. मग माझ्याकडं वळून विचारलं, "मामा, हे मी कधी गायले?"

ही पोरं दिवसभर स्वतःचा आवाज फोनवर भरून ऐकतात. स्वतःचा आवाज बाहेरून कसा येतो ते त्यांना पाठ असतं. तुझं तसं नव्हतं. माणसाला आपला आवाज रेकॉर्डमध्ये ओळखू येत नाही, हे मी दुकानात रोज सांगायचो आणि लोक हसायचे. तेच मी तुझ्यावर वापरलं. तू जन्मात कधी स्वतःला ऐकलेलं नव्हतंस. मी काहीही काढलं नव्हतं, रत्ना. पुढचा रविवार झालाच नव्हता. मी फक्त रिळावरचे दोन माईकचे आवाज एकात एक मिसळले, डावी-उजवी मोडून टाकली, म्हणजे मधे कोण आणि कोपऱ्यात कोण हे कुणाला कळू नये. मग त्यावर कॅसेटची खरखर, घरोघरचे डबडे टेपरेकॉर्डर. जोड कुणाच्या लक्षात आला नाही. बाबांच्याही नाही, तुझ्याही नाही. वर तू ती कॅसेट टेंभुर्णीला नेलीस. दाजींनी दुकानात टायर बदलायला आलेल्या लोकांना ती ऐकवली. आणि दर पंचमीला येऊन तू माझ्या बायकोचा हात धरून म्हणायचीस, "वहिनी, तो वरचा सूर काय लावलाय गं तू! अंगावर काटा येतो की." मी शेजारी बसून चहा प्यायचो. छी! माणूस म्हणवून घ्यायची लाज वाटते.

दानेश्वरीला दोष देऊ नकोस. तिला मी वेगळं सांगितलं होतं. तू राजी आहेस, तुला नाव नकोय, उगाच तिला विचारून संकोचात टाकू नकोस, असं. तिनं ते खरं धरलं. तू हात धरून कौतुक करायचीस तेव्हा तिला वाटायचं, नणंद किती मोठ्या मनाची, स्वतःचं दान असं परत परत देते. म्हणून पंचमीला तुझ्यासाठी सगळ्यात उंची इरकल लुगडं यायचं. तू लाजायचीस, नको नको म्हणायचीस. कार्यक्रमात ती पाच वचनं तिनं कधी म्हटली नाहीत, घशाचं निमित्त सांगितलं. चार वर्षांत बाहेर गाणंच सोडलं आणि घरी मुलींना शिकवायला लागली. तुझी चंद्री त्यातलीच. रविवारी घरी येऊन मी दानेश्वरीला सगळं सांगितलं, खोटं कुठं कुठं होतं ते. ती मुगाच्या शेंगा सोलत होती. "रत्नावन्संना ठाऊकच नव्हतं?" एवढंच विचारलं. मी "नाही" म्हणालो. पुढं मी काहीतरी सारवासारव करायला लागलो तेव्हा कानडीत एकच शब्द म्हणाली, "साकु." पुरे. तेव्हापासून ताटात भाकरी पडते, पण बोलणं नाही. बरोबर आहे तिचं.

आणि आता ते सांगतो, जे तिलाही सांगितलेलं नाही. सासऱ्यांनी छापून ठेवलेला लेकीचा फोटो, बायकोचं रडणं, गाणारणीचा नवरा म्हणून मिरवायची हौस, हे सगळं होतंच. पण तेवढ्यासाठी "तुझं नाव घालता येत नाही" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तू "आसू दे की"च म्हणाली असतीस, भांडली नसतीस. मग पत्रा कशाला म्हणालो? कारण तू गात राहिली असतीस. लग्नात, मठात, कुणाच्या ओटीभरणाला. आणि कुणीतरी, कधीतरी म्हणालं असतं, हा तर त्या कॅसेटमधला आवाज. तुला गप्प केल्याशिवाय माझं खोटं टिकणार नव्हतं. म्हणून नुसतं खोटं सांगून थांबलो नाही. तुला लागेल तोच शब्द शोधला, आणि सगळे जेवायला बसलेले असताना म्हणालो. एकतीस वर्षांचा घोडा होतो मी, पोरकटपणाचंही कारण सांगता येत नाही. एकोणतीस वर्षं मला शांत झोप लागली. याची मला सगळ्यात जास्त किळस येते.

फोनवर हे सांगितलं असतं तर तू मधेच "जाऊ दे की अण्णा" म्हणून मोकळी झाली असतीस. मला ते नको होतं. पण पत्र लिहायचं खरं कारण ते नाही. माझ्यात तेवढीही हिंमत नव्हती. कारण चंद्री आहे. रुद्रप्पाकडून परत येताना रिक्षात तिला सगळं कळलं. मी तिची विनवणी केली की तू फॉर्म भर, आईला मी पटवतो, हे मात्र आपल्यातच ठेव. ती म्हणाली, "मामा, आईनं नाही म्हटलं ते माझ्या गळ्याला घाबरून. चार लोक मला पत्रा म्हणतील आणि तिच्यासारखं मी गिळून बसेन, म्हणून. तिला खरं कळल्याशिवाय मी तिच्यापुढं सही मागायला जाणार नाही. तारीख गेली तर गेली." त्या दिवसापासून तिनं तंबोऱ्याची गवसणी काढलेली नाही. रोज पहाटे पाचला उठून रियाज करणारी पोर, चार दिवस घर मुकं आहे. आज सकाळी मी तिला म्हणालो, लिहितो. शनिवारच्या एसटीनं ती हे पत्र घेऊन येईल आणि तू वाचत असताना समोर बसलेली असेल. पाकीट तिनं उघडलेलं नसेल, तिच्या फोनवर ते चौथं वचन असेल, आणि फॉर्म पिशवीत. तू आई आहेस, अजूनही नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. पण मग कारण दुसरं शोध. आपल्या घरात गळा नाही, हे माझं कारण होतं, आणि ते खोटं होतं.

तुझाच, तुला ज्याचं ऐकायची सवय लागली तो,
अण्णा